विश्लेषण : स्वतःचे नाव 15 डॉलरला विकणारा गीतकार… कोण होता स्टीफन फॉस्टर? त्याच्या गाण्यांचे पैसे नेमके गेले कुठे?

1 जानेवारी 1941 रोजी अमेरिकेतील मोठ्या रेडिओ केंद्रांवरून ओळखीची बहुतेक गाणी एकाएकी गायब झाली. ‘ॲस्कॅप’ ही गीतकार-संगीतकारांची संघटना गाणी वाजवण्याचे शुल्क वाढवून मागत होती आणि रेडिओ कंपन्या ते द्यायला तयार नव्हत्या. संघटनेच्या सदस्यांचे एकही गाणे लावायचे नाही, असे कंपन्यांनी ठरवले. मग दिवसभर लावायचे तरी काय? ज्यांच्यावर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही, अशी जुनी गाणी. त्यात 1854 सालचे ‘जीनी विथ द लाइट ब्राऊन हेअर’ इतक्या वेळा वाजले, की अमेरिकेत तो विनोदाचा विषय झाला.

हे गाणे लिहिणारा आणि त्याला चाल देणारा स्टीफन फॉस्टर तेव्हा मरून 77 वर्षे झाली होती. गाणे फुकट होते, म्हणून तर ते वाजत होते. मात्र फॉस्टर जिवंत असतानाही त्याची गाणी वाजवणाऱ्या जवळपास कुणीच त्याला काही दिले नव्हते.

सुरुवात कशी झाली?

स्टीफन कॉलिन्स फॉस्टरचा जन्म 4 जुलै 1826 रोजी पिट्सबर्गजवळच्या लॉरेन्सव्हिल येथे झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्याच दिवशी 50 वर्षे पूर्ण झाली. जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी राष्ट्राध्यक्षही त्याच दिवशी वारले. एखाद्या चित्रपटात असा योगायोग दाखवला तर आपण पटकथाकाराला नावे ठेवू, पण या तारखा खऱ्या आहेत.

दहा भावंडांत स्टीफन नववा. वडील व्यापार आणि राजकारण दोन्हींत होते. मात्र हा मुलगा लहान असतानाच कर्जापायी राहते घर गेले आणि पुढे कुटुंबाचे बिऱ्हाड सतत हलत राहिले. शिक्षणात त्याचे मन रमले नाही. जेफरसन कॉलेजात तो काही दिवसच टिकला. पिट्सबर्गमध्ये हेन्री क्लेबर हा जर्मनीहून आलेला संगीतशिक्षक होता. त्याच्याकडून स्टीफनला युरोपीय संगीताची ओळख झाली. ओहायो नदीच्या धक्क्यांवर आणि गावात येणाऱ्या तमाशेवाल्या मंडळ्यांकडून दुसऱ्या प्रकारचे संगीत कानावर पडत होतेच. 18 व्या वर्षी त्याचे पहिले गाणे छापून आले. 1846 च्या सुमारास घरच्यांनी त्याला सिनसिनाटीला धाडले. तिथे भाऊ डनिंगची आगबोटींच्या व्यवसायात भागीदारी होती. स्टीफनला हिशेबनिसाचे काम मिळाले.

हिशेब लिहिण्याची ही सवय त्याला पुढेही उपयोगी पडली. त्याच्या कमाईचे नेमके आकडे आज आपल्याला कळतात, त्याचे एक कारण तेच आहे.

‘ओ सुझाना’ने किती कमावले?

11 सप्टेंबर 1847 रोजी पिट्सबर्गमधील एका आइस्क्रीमच्या दुकानात करमणुकीच्या कार्यक्रमात ‘ओ सुझाना’ पहिल्यांदा जाहीरपणे गायले गेले. फॉस्टरने ते सिनसिनाटीचा प्रकाशक डब्ल्यू. सी. पीटर्सच्या हवाली केले होते. पण त्याआधीच, फेब्रुवारी 1848 मध्ये, न्यूयॉर्कमधील दुसऱ्याच एका प्रकाशकाने ते छापून टाकले. मुखपृष्ठावर नाव होते क्रिस्टी मिन्स्ट्रेल्स या मंडळीचे, फॉस्टरचे नव्हे. पुढच्या तीनेक वर्षांत या गाण्याच्या डझनाहून अधिक आवृत्त्या वेगवेगळ्या प्रकाशकांनी काढल्या. 1849 मध्ये कॅलिफोर्नियात सोने शोधायला निघालेल्या लोकांनी हे गाणे डोक्यावर घेतले आणि आपापले शब्द घालून ते खंडभर नेले.

फॉस्टरच्या हाती आले 100 डॉलर.

त्या काळी गाण्यातून पैसा मिळायचा कसा, हे इथे समजून घ्यायला हवे. ध्वनिमुद्रण नव्हते, एडिसनचा फोनोग्राफ 1877 चा. गाणे विकले जायचे ते कागदावर. शब्द आणि पियानोची स्वरलिपी छापलेली काही पाने साधारण 25 सेंटला मिळत. मध्यमवर्गीय घरांत पियानो येत होता आणि संध्याकाळी घरच्या मुली ही पाने समोर ठेवून गात-वाजवत. 1831 च्या कायद्याने छापील संगीताला कॉपीराइट मिळाला होता, पण संरक्षण होते ते छपाईपुरते. कुणी रंगमंचावर हेच गाणे रोज गाऊन तिकिटे विकली, तरी लेखकाला एक सेंटही देणे लागत नव्हते. शिवाय कॉपीराइटची नोंद करेल त्याच्याकडे हक्क जायचा. ती नोंद करायला कोण आधी पोहोचतो, यावर बरेच काही ठरे. पीटर्सने फॉस्टरच्या सुरुवातीच्या गाण्यांवर 10 हजार डॉलर कमावले, असे पुढे सांगितले गेले. आकड्यात अतिशयोक्ती असेल, पण पीटर्सचा फायदा झाला यात शंका नाही.

तरीही या 100 डॉलरने फॉस्टरच्या डोक्यात एक कल्पना शिरली. गाणी लिहूनच पोट भरता येईल का? तोवर अमेरिकेत हे कुणी केले नव्हते. गाणी लिहिणारे लोक शिकवण्या करत, कार्यक्रम करत, वाद्ये विकत. फॉस्टर गायक म्हणून कुठे उभा राहिला नाही आणि त्याने शिकवण्याही केल्या नाहीत. सप्टेंबर 1849 मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या फर्थ, पाँड अँड कंपनीशी करार केला. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट. हिशेबनिसाची नोकरी सोडून तो पेनसिल्व्हेनियाला परतला. जुलै 1850 मध्ये जेन मॅकडॉवेलशी लग्न झाले आणि पुढच्या वर्षी मुलगी मॅरियनचा जन्म झाला.

गाणी कुणाच्या आवाजात होती?

फॉस्टरची गाणी गाजवली ती ‘मिन्स्ट्रेल शो’ने, आणि या खेळाबद्दल बोलल्याशिवाय फॉस्टरबद्दल बोलता येत नाही. गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी चेहऱ्याला फासून कृष्णवर्णीय गुलामांची नक्कल करत. मोडकी भाषा, विदूषकी चाळे, बँजो आणि नाच. 1840 च्या दशकात हा अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय करमणुकीचा प्रकार झाला. या खेळांतील ‘जिम क्रो’ हे पात्र इतके रुजले, की पुढे दक्षिणेतील वंशभेदाच्या कायद्यांना तेच नाव पडले.

ज्या देशात लाखो माणसे गुलाम होती, तिथे त्यांच्याच सोंगावर हे मनोरंजन उभे होते. या खेळांसाठी लिहिलेल्या गाण्यांना तेव्हा ‘इथिओपियन’ गाणी म्हणत, मग त्यात इथिओपियाचा काही संबंध असो वा नसो. फॉस्टरने ही भाषा वापरली. ‘ओ सुझाना’च्या आज कुणी न गाणाऱ्या एका कडव्यात कृष्णवर्णीयांच्या मृत्यूचीच थट्टा आहे. लहान मुलांच्या पुस्तकांत ते कडवे नसते, म्हणून बहुतेकांना माहीतच नाही.

पण फॉस्टर तिथेच थांबला नाही. 1849 च्या ‘नेली वॉज अ लेडी’मध्ये एक गुलाम आपल्या मेलेल्या बायकोसाठी शोक करतो आणि तिला ‘लेडी’ म्हणतो. गोऱ्या घरांतील बायकांसाठी राखून ठेवलेला हा शब्द एका कृष्णवर्णीय स्त्रीसाठी वापरणे तेव्हा साधी गोष्ट नव्हती. 1851 मध्ये एका गाण्याबाबत त्याने मिन्स्ट्रेल मंडळीचा मालक ई. पी. क्रिस्टीला कळवले, की ते हसवण्यासाठी नाही, करुण भावाने गायले पाहिजे. हळूहळू मोडक्या भाषेचा वापरही त्याने कमी केला. हे त्याने गुलामगिरीविरोधाच्या तळमळीतून केले, असे म्हणता येणार नाही. त्याचे घर डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. बहिणीचा दीर जेम्स ब्युकॅनन 1856 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, तेव्हा फॉस्टरने त्याच्या प्रचाराची गाणी लिहिली. आणि हे ब्युकॅनन काही गुलामगिरीचे विरोधक नव्हते.

नाव विकले म्हणजे काय केले?

1851 मध्ये फॉस्टरने ‘ओल्ड फोक्स ॲट होम’ लिहिले. दूर गेलेला माणूस आपले घर आणि घरची म्हातारी माणसे आठवतो, एवढाच विषय. त्याच्या वहीतील कच्च्या मसुद्यात नदीचे नाव आधी ‘पी डी’ होते. ते त्याला रुचले नाही. भाऊ मॉरिसनने सांगितलेल्या आठवणीनुसार, दोघांनी नकाशाचे पुस्तक काढून दुसरी नदी शोधली आणि फ्लोरिडातील ‘सुवानी’ सापडली. चालीत बसावे म्हणून फॉस्टरने तिचे ‘स्वानी’ केले. ही नदी त्याने आयुष्यात कधी पाहिली नाही. दक्षिणेकडचा त्याचा मोठा प्रवास एकच, 1852 मध्ये पत्नीसह आगबोटीने न्यू ऑर्लिन्सपर्यंत. तोही गाणे छापून झाल्यावर.

गाणे छापले तेव्हा त्यावर गीतकार आणि संगीतकार म्हणून नाव होते ई. पी. क्रिस्टीचे. फॉस्टरने ते त्याला 15 डॉलरला दिले होते. रॉयल्टी त्याने स्वतःकडेच ठेवली, विकला तो फक्त नावाचा मान. कारण सरळ होते. सभ्य घरांतील पियानोसाठी नाजूक प्रेमगीते लिहिणारा कवी म्हणून त्याला ओळख हवी होती. मिन्स्ट्रेल गाण्यांशी नाव जोडले गेले, तर ती बिघडेल अशी भीती होती.

गाण्याने विक्रीचे उच्चांक मोडले आणि फॉस्टर पस्तावला. मे 1852 मध्ये त्याने क्रिस्टीला पत्र लिहिले. आधी लोकांच्या पूर्वग्रहामुळे आपण नाव लपवत होतो, पण आता हीच गाणी उघडपणे, लाज न बाळगता लिहायची आणि या क्षेत्रात सर्वोत्तम व्हायचे, असा त्याचा आशय होता. नाव परत मिळावे, पैसे परत करतो, असेही त्याने सुचवले. हे पत्र आज उपलब्ध आहे. त्याच्या मागच्या बाजूला फॉस्टरला धरसोड वृत्तीचा म्हणत एक शेलकी शिवी हासडलेली आहे, ती क्रिस्टीच्या हातची मानली जाते. नाव परत मिळाले नाही. कॉपीराइटची पहिली 28 वर्षे संपेपर्यंत, म्हणजे 1879 पर्यंत, गाण्यावर क्रिस्टीचेच नाव छापले जात राहिले. तोवर दोघेही हयात नव्हते.

मला या व्यवहारातील 15 डॉलरपेक्षा त्यामागची लाज जास्त बोलकी वाटते. फॉस्टर आपले नाव लपवत होता, कारण गाण्यातील ‘मी’ एक गुलाम होता. आणि ज्या लोकांची नक्कल करून हा सारा बाजार उभा राहिला, त्यांच्या नावाचा प्रश्न कुणाला पडलाही नाही.

मग गुलामगिरीविरोधकांना ही गाणी का आवडली?

1853 मध्ये ‘माय ओल्ड केंटकी होम’ आले. त्याचा पहिला मसुदा हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीवरून सुचलेला दिसतो, कारण त्यात टॉमचे नाव आहे. छापताना फॉस्टरने ते काढले. गाण्याची गोष्ट मात्र राहिली. केंटकीतील गुलामाला त्याच्या घरापासून तोडून आणखी दक्षिणेला, उसाच्या मळ्यांवर विकले जाते आणि तिथे त्याला मरणच दिसते आहे. आज घोड्यांच्या शर्यतीआधी टोपी घालून हे गाणे गाणाऱ्या अनेकांना ते माणसांच्या विक्रीबद्दल आहे, हे ठाऊक नसते.

स्वतः गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी 1848 मध्ये मिन्स्ट्रेल कलाकारांवर कडाडून टीका केली होती. आमचा रंग चोरून पैसे कमावणारे, असा त्यांचा रोख होता. त्याच डग्लस यांनी 1855 मधील भाषणात ‘केंटकी होम’चे नाव घेऊन सांगितले, की अशी गाणी गुलामाबद्दल सहानुभूती जागवतात, म्हणून ती आपल्या कामाची आहेत. दोन्ही मते एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पुढे 1894 मध्ये संगीतकार ड्वोर्झाकने न्यूयॉर्कमध्ये ‘ओल्ड फोक्स’ नव्याने बांधून कृष्णवर्णीय गायकांकडून गाऊन घेतले.

वहीतला हिशेब काय सांगतो?

1857 पर्यंत फॉस्टर कर्जात होता. गाणी लिहिण्याचा वेग मंदावला होता, प्रकाशकांकडून उचल घेणे सुरू होते. आई-वडील 1855 मध्ये एकापाठोपाठ गेले. जेनशी मधूनमधून दुरावा येत होता. अशा वेळी त्याने बसून एक यादी केली. आजच्या भाषेत एक्सेल शीटच. प्रत्येक गाणे, आजवर मिळालेली रॉयल्टी आणि यापुढे मिळेल असा अंदाज.

‘ओल्ड फोक्स’ पहिल्या क्रमांकावर, 1,647 डॉलर 46 सेंट. ‘केंटकी होम’ 1,372 डॉलर 6 सेंट. आणि ज्या प्रकारच्या नाजूक गीतांसाठी त्याने नाव लपवले होते, त्यातले ‘जीनी’ 217 डॉलर 80 सेंट. 1941 च्या रेडिओवर दिवसरात्र वाजलेले गाणे हेच. भविष्यातील कमाईचा अंदाज त्याने सुमारे 2,800 डॉलर काढला. गरज असलेल्या माणसाला घासाघीस जमत नाही. जुन्या गाण्यांवरचे पुढचे सगळे हक्क त्याने 1,872 डॉलर 28 सेंटला विकून टाकले.

संपूर्ण आयुष्यात त्याला गाण्यांतून मिळाले ते साधारण 15 हजार डॉलर. त्या काळच्या हिशेबाने तो भिकारी नव्हता, अगदी शेवटची वर्षे सोडली तर. चांगल्या वर्षांत तो मध्यमवर्गीय कारकुनाहून बरा कमावत होता, पण मिळकतीपेक्षा खर्च जास्त होता. त्यामुळे फक्त लुबाडल्या गेलेल्या कलावंताची गोष्ट म्हणून त्याच्याकडे पाहणे पुरेसे नाही. तरी रंगमंचावरच्या प्रत्येक प्रयोगामागे एक सेंट जरी मिळाला असता, तरी ही यादी करायची वेळ आली नसती.

शेवट कसा झाला?

1860 मध्ये तो पत्नी आणि मुलीसह न्यूयॉर्कला गेला. वर्षभरात यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेची बाजारपेठ तुटली आणि लोकांना आता युद्धाची गाणी हवी होती. जेन मुलीला घेऊन पेनसिल्व्हेनियाला परतली आणि रेल्वेत तारयंत्र चालवण्याची नोकरी करू लागली. फॉस्टर एकटा राहिला आणि दारू वाढत गेली. जॉर्ज कूपर नावाचा तरुण गीतकार त्याचा साथीदार झाला. कूपरने शब्द लिहायचे, फॉस्टरने चाल लावायची आणि गाणे हातोहात रोख विकायचे. रॉयल्टीची वाट पाहायला सवड नव्हती. 1863 या एका वर्षात त्याची चाळीसहून अधिक गाणी आली. त्यातली फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

जानेवारी 1864 मध्ये बाउरी भागातील एका स्वस्त हॉटेलच्या खोलीत तो तापाने अशक्त होऊन पडला आणि त्याला गंभीर जखम झाली. कूपरने त्याला बेलव्ह्यू रुग्णालयात पोहोचवले. 13 जानेवारीला तो गेला. वय 37. त्याच्या पाकिटात 38 सेंट आणि पेन्सिलीने काही शब्द लिहिलेला एक कागदाचा तुकडा निघाला. मित्रांना उद्देशून लिहिलेल्या गाण्याची ती सुरुवात असावी. पिट्सबर्गला दफनाच्या वेळी बँडने त्याचीच गाणी वाजवली. त्यात ‘ओल्ड फोक्स’ही होते, ज्यावर तेव्हाही क्रिस्टीचे नाव छापले जात होते. ‘ब्युटिफुल ड्रीमर’ हे त्याचे आज सर्वांत जास्त गायले जाणारे प्रेमगीत त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांत बाजारात आले.

त्यानंतर काय बदलले?

जाहीर प्रयोगासाठी संगीताच्या लेखकाची परवानगी लागेल, अशी तरतूद अमेरिकी कायद्यात 1897 मध्ये आली. ती वसूल करणारी ‘ॲस्कॅप’ 1914 मध्ये स्थापन झाली. 1941 मध्ये रेडिओ कंपन्या जिच्याशी भांडल्या ती हीच. फॉस्टरला हे मिळाले असते तर काय झाले असते, याची गणिते अमेरिकेत अनेकांनी मांडली आहेत.

गाण्यांचा मान मात्र वाढत गेला. ‘माय ओल्ड केंटकी होम’ 1928 मध्ये केंटकीचे, ‘ओल्ड फोक्स’ 1935 मध्ये फ्लोरिडाचे राज्यगीत झाले. कृष्णवर्णीयांसाठीचा हिणकस शब्द दोन्हींत तसाच होता. 1986 मध्ये जपानहून आलेल्या तरुणांच्या एका गटाने केंटकीच्या विधिमंडळात पाहुणे म्हणून मोठ्या प्रेमाने हे राज्यगीत गायले, छापील शब्दांसह. कार्ल हाइन्स हे तिथले कृष्णवर्णीय सदस्य. त्यांनी ठराव मांडला आणि अधिकृत प्रसंगी त्या शब्दाऐवजी ‘लोक’ या अर्थाचा शब्द वापरायचे ठरले. फ्लोरिडाने 2008 मध्ये आपल्या गीताचे शब्द सुधारले.

पिट्सबर्गमध्ये 1900 साली फॉस्टरचा ब्राँझचा पुतळा उभारला गेला. फॉस्टर वहीत काहीतरी टिपतो आहे आणि त्याच्या पायाशी फाटक्या कपड्यांतला, अनवाणी कृष्णवर्णीय माणूस बँजो वाजवतो आहे. हा माणूस फॉस्टरच्याच एका गाण्यातील ‘अंकल नेड’, म्हणजे काल्पनिक. अनेक वर्षांच्या वादानंतर एप्रिल 2018 मध्ये शहराने तो पुतळा हलवला. पुतळा होता तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पिट्सबर्ग विद्यापीठाचे फॉस्टर स्मारक आहे. 38 सेंट ज्या पाकिटात सापडले, ते तिथे जपून ठेवलेले आहे.